निंबोल्यात दिवसा आलेला तारा

मी एक लेखणी बोलतेय. खिशाला लावायची नव्हे हं! यंत्राच्या दांडीला बांधलेली, सरकत्या कागदावर रेघ ओढणारी लेखणी. मला अक्षर येत नाही. वायरीतून जे येईल ते मी जसंच्या तसं उतरवते. खोटं बोलायची मुभा माझ्या जातीला नाही आणि त्याचा मला भारी तोरा आहे.

बुऱ्हाणपुरात एका डॉक्टरांकडे माणसांच्या काळजाचे ठोके काढत माझी पहिली वर्षं गेली. मग त्यांनी नवं यंत्र घेतलं आणि मी माळ्यावर गेले. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे वैद्याचीच गरज सरली.

तिथून मला सोडवलं रजनीनं. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. बोलणं मऊ, पण एकदा डोक्यात घेतलं की सोडायची नाही. तिला एका स्पंदकाचे ठोके टिपायचे होते. स्पंदक म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा आवळून गावाएवढा झालेला गाभा. तो गरगर फिरतो आणि प्रत्येक फेऱ्याला रेडिओलहरींचा एक झोत आपल्यावर टाकतो. डोळ्यांना दिसत नाही, पण वायरींना भर दुपारीही सापडतो.

निंबोल्याला तिच्या लोटूमामाचं एक वावर पडीक होतं. तिथे तिनं बांबू रोवले, वायरी ताणल्या आणि एका झोपडीत मला मांडलं.

"दिवसा तारा कुठी असतो वं पोरी?" मामा हसला.

"असतो मामा. तुमच्या पाण्याच्या मोटारी जरा बंद ठेवल्या तर येतो."

मोटार सुरू झाली की माझ्या कागदावर वेड्यावाकड्या रेघांचं नुसतं गवत माजायचं. म्हणून गावानं तिचं ऐकलं. ताऱ्याची वेळ झाली की आजूबाजूच्या मोटारी बंद. आता हा तारा पडला लहरी पाहुणा. रोज आदल्या दिवसापेक्षा चार मिनिटं आधी हजर! शेजारच्या केळीतून धुरपदाबाई ओरडून विचारायची, "रजनी, आज कवा येतो तुझा पाहुणा?" घड्याळाचा हा हिशेब निंबोल्याइतका दुसऱ्या कुठल्या गावानं सांभाळला असेल असं मला वाटत नाही.

पण वावर कायमचं नव्हतं. मामाला मृगात तिथे केळी लावायची होती. त्याआधी दिल्लीहून एक साहेब येणार होते. त्यांनी ठोके स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तर पुढच्या कामाला मंजुरी, नाही तर वायरी उतरवायच्या.

साहेब आले ते ऐन वैशाखात. केळीची पानं माना टाकून बसली होती आणि वीज यायची तीही नेमकी दुपारीच. तरी गावानं मोटारी बंद ठेवल्या. आणि पाहुण्यांचा मान म्हणून लाउडस्पीकर आणला! ताऱ्याच्या वेळी विजेला हात लावायचा नाही हा रजनीचा नियम, तो त्यांनी अगदी मनापासून पाळला. लाउडस्पीकरसाठी पेट्रोलचा जनरेटर भाड्यानं आणून थेट आमच्या बांधावर ठेवला. त्याच्या ठिणगीनं माझी जी त्रेधा उडाली म्हणता! या काठावरून त्या काठावर आपटत होते. रजनी धावत जाऊन तो बंद करून येईतो तारा वायरींवरून सरकून गेला होता.

साहेब भले होते. म्हणाले, "मॅडम, पिछले हफ्ते का कागज दे दीजिए, मैं सही कर देता हूँ."

"नहीं सर. आप देखने आए हैं. कल देखिए."

त्या क्षणी माझा तिच्यावर जीव जडला. संध्याकाळी ती मामाला म्हणाली, "उद्या मी कोणाला मोटार बंद करा म्हणणार नाही. केळीचं एका दिवसाचं पाणी बुडालं, दुसऱ्या दिवसाचं बुडवायला मी कोण?"

"मृग जवळ आला पोरी," एवढंच बोलून मामा उठला.

दुसऱ्या दिवशी वीज आली, मोटारी धडधडू लागल्या. मी मुकाट गवत काढत होते. साहेब घड्याळ बघत होते. रजनी मांडीवर हात ठेवून बसली होती, चेहरा उतरलेला.

आणि एक मोटार थांबली. माझं थरथरणं जरा कमी झालं. मग दुसरी. मग धुरपदाबाईची. मला प्रत्येक मोटार ओळखू यायची, म्हणून सांगते, शेवटी एकच उरली होती, लोटूमामाची.

बाहेरून धुरपदाबाईचा आवाज आला, "लोटूभाऊ, तुमचीच राह्यली."

"माझ्या केळीले पाणी नको का?"

थोड्या वेळानं तीही थांबली.

माझी रेघ सरळ झाली. मग एक उसळी. मग पुन्हा. आणि पुन्हा, तेवढ्याच अंतरानं. साहेब इतके वाकले की त्यांचा चष्मा कागदावर पडला. रजनी रडत होती आणि तिला त्याचं भान नव्हतं.

मामा मातीच्या पायांनी आत आला. कागदावरच्या एका उसळीवर त्यानं बोट ठेवलं.

"हाच का?"

"हाच, मामा."

त्याचं बोट पुढच्या उसळीवर गेलं, मग त्याच्या पुढच्या. मग म्हणाला, "मंग केळी खालच्या वावरात लावू."

रजनी पुढे मोठ्या दुर्बिणींवर गेली, देशोदेशी तिचं नाव झालं. माझं काम आता संगणक करतो. मी कॉलेजच्या काचेच्या कपाटात आहे, शाई वाळून गेली आहे. माझ्याखाली तो कागद आहे. मुलं येतात, ठोके बघतात आणि जातात. बाबांनो, एकच मागणं आहे. ठोक्यांच्या आधीचं बघा. तिथे माझी रेघ पायरीपायरीनं शांत होत गेली आहे. त्या दुपारी केळीला पाणी मिळालं नव्हतं.