चष्मा कुणाच्या डोळ्यांवर?

आईचे गुडघे कुरकुरायला लागले, तसं मुलानं मनावर घेतलं. घर तिच्या सोयीचं करायचं! मुलगा गुणी, हौशी. फक्त घाई अंगात भिनलेली. इंटिरियरवाल्या बाईंनी मापं घेऊन हुबेहूब घर संगणकात उभं केलं. डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवला की भिंतीला हात लावण्याआधीच नव्या घरात फिरून यायचं. तो फिरला आणि हरखला. खोलीतून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात आईचं शिलाई मशीन आणि जुनं कपाट होतं. "तिच्या वाटेत ही अडगळ कशाला?" म्हणत त्यानं दोन्ही काढायला लावलं.

"मलाही दाखव ना रे," आई म्हणाली होती.

"तुला गरगरेल. तयार झालं की थेट बघ."

काम होईतो आई मावशीकडे राहिली. परतल्यावर ती मोकळी वाट बघून "छान केलंस हो" म्हणाली, आणि पहिल्याच दुपारी लेकासाठी चहा टाकायला उठली. बोळाच्या मधोमध पडली. खुब्याचं हाड मोडलं. आता पुन्हा चालता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं.

अडखळायला काही नव्हतं, मग आई पडली कशी? मुलाला तो प्रश्न खात राहिला.

एके दिवशी आईनंच विषय काढला. "तो चष्मा आता तरी दाखवशील? जुनं घर आहे का रे त्यात?"

होतं. त्यानं बाईंकडून चष्मा आणला, आईच्या डोळ्यांवर अलगद बसवला आणि बटण दाबत तिला पलंगावरूनच बोळातून पुढे नेऊ लागला. मावशी उशाशी बसली होती.

आईचा हात उठला आणि कमरेच्या उंचीवर, हवेतच टेकला. "हे मशीन. इथं जरा दम खायचा." मग हात वर गेला. "ही कपाटाची कडी. ही धरून वळायचं. आली चौकट."

मुलाचं बोट बटणावरच थांबलं. ज्याला तो अडगळ म्हणाला, त्याच्याच आधारानं आई चालत होती! एका घरात राहून त्याला ते कधी दिसलं नव्हतं.

"मावशी, मी तिच्या भल्यासाठीच केलं गं."

"कोण नाही म्हणतंय?" मावशी म्हणाली. "पण घर तिचं, पाय तिचे, आणि चष्मा तुझ्या डोळ्यांवर. तुझे पाय धडधाकट, तुला काय कळणार? एकदा तिला घातला असतास, तर हा हात तेव्हाच उठला असता."

तो तोंड दाबून रडला. चष्म्याआड आईला ते दिसत नव्हतं. "थांबलास का? ने ना पुढे," ती म्हणाली. "स्वयंपाकघर आलंच. तुझा चहा राहिलाय त्या दिवशीचा."

दुसऱ्या दिवशी चष्मा परत करताना तो बाईंना म्हणाला, "यापुढे कुणीही म्हाताऱ्या माणसाचं घर करायला आलं, तर हा आधी त्या माणसाला घाला. पैसे देणाऱ्याला नंतर."

"मीही विचारलं नव्हतं," बाई खाली बघत म्हणाल्या.

वाचकहो, आपण आईवडिलांसाठी जीव तोडून करतो, फक्त त्यांना विचारायचं राहून जातं. त्यांच्या घराचा नकाशा त्यांच्या हातापायांना पाठ असतो. भिंत पाडण्याआधी तो विचारून घ्या. या मुलानं विचारलं, पण उशिरा. आईच्या हातचा तो चहा राहिला, तो राहिलाच.