नागप्पांचा हसरा फोटो

उदगीरच्या धान्याच्या मोंढ्याजवळ मन्मथचा फोटो स्टुडिओ. अल्बम बनवायचं नवं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवर चालेना, म्हणून त्यानं नवी विंडोज टाकायचं ठरवलं. माणूस जपून चालणारा. आधी सगळे फोटो बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवून घेतले, मगच कॉम्प्युटर फॉरमॅट केला.

पण नवी विंडोज बसता बसेना. निम्म्यावर आली की पडदा निळा व्हायचा आणि मशीन बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू. शेवटी त्यानं कॉम्प्युटरचा डबा उघडला, रॅमच्या दोन्ही पट्ट्या खोडरबरानं घासल्या, एकेक लावून पाहिली. एक खराब निघाली. ती काढून ठेवल्यावर विंडोज बसली आणि मन्मथचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात दामिनी आली. मागच्याच महिन्यात तिच्या लग्नाचे फोटो त्यानं काढले होते. अल्बम अजून व्हायचा होता. तिचे वडील, आडत दुकानदार नागप्पा, त्याच पहाटे वारले होते. दुपारी माती होती.

"अप्पा कधी हसायचे न्हाईत," ती म्हणाली. "माझ्या लग्नात तेवढे हसले. तोच फोटो द्या, दादा."

मन्मथला तो पक्का आठवत होता. त्यानं बाहेरच्या हार्डडिस्कवरून उघडला. फेटा दिसला, कपाळावरचं भस्म दिसलं, डोळे दिसले. डोळ्यांखाली नुसता करडा पट्टा. दुसरा फोटो तसाच. तिसरा उघडलाच नाही.

त्यानं नांदेडच्या सुगतला फोन लावला. तो कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, जुना मित्र. फोटो उतरवताना रॅमची खराब पट्टी आतच होती का, असं सुगतनं विचारलं. होती. म्हणजे त्या पट्टीमुळं फोटो उतरतानाच बिघडले होते. मूळ फोटोंच्या जागी नवी विंडोज बसली होती आणि कॅमेऱ्यातलं कार्ड पुढच्या लग्नात वापरून झालं होतं.

"डिस्क घेऊन ये," सुगत म्हणाला, "पण पोरीला आशा लावू नको."

मन्मथनं दामिनीला खरं ते सांगितलं. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती स्टुलावर बसून पडद्यावरच्या डोळ्यांकडं बघत राहिली. मग पर्समधून तिनं अप्पांचं आधार कार्ड काढून पुढं केलं. त्यानं त्यावरचा फोटो मोठा केला, जमेल तेवढा साफ केला, फ्रेममध्ये बसवला.

"हे अप्पा न्हाईत," दामिनी म्हणाली. घरी लोक खोळंबले होते. तोच फोटो पदराखाली घेऊन ती निघाली.