साफ रेघ

"हलू नका हो बाबा! किती वेळा सांगायचं?"

"हललो नाही गं. श्वास घेतला फक्त."

"तोही हळू घ्या."

प्रयोगशाळेच्या टेबलावर बाबा उघड्या अंगाने आडवे पडले होते. छातीवर चिकटपट्ट्या, त्यांतून निघालेल्या वायरी लेकीने जुळवलेल्या सर्किटमध्ये गेलेल्या. बाबा प्लंबर. यंत्र लावून घ्यायला येणार असलेल्या मैत्रिणींनी ऐनवेळी टांग दिली म्हणून कामावरून परस्पर आले होते.

लेक इलेक्ट्रिकल आणि बायोमेडिकल अशा दोन विषयांची मिळून एक पदवी करत होती. ही अक्कल कुणाची, असं विचारलं तर हल्ली ती भांडायलाच उठे. इलेक्ट्रिकलवाले तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणत, बायोमेडिकलवाले 'वायरमन'. काम अडलं की दोघेही समोरच्या इमारतीकडे बोट दाखवत. हृदयाचे ठोके पडद्यावर उमटवणारं तिचं यंत्र आज दोन्हीकडून पास व्हायला हवं होतं. एकानेही नकार दिला तर वर्ष गेलं.

इलेक्ट्रिकलचे सर पडद्यापाशी वाकले. "काय ही गिचमिड? रेघ साफ पाहिजे. आणि मध्येच ठोका गायब होतोय. वायर लूज आहे तुझी."

तिने वायर बदलली. पट्ट्या ओरबाडून नव्या लावल्या. बॅटरी बदलली. ठोका मध्येच दांडी मारायचा तो मारायचाच.

"माझंच काही चुकतंय का गं?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही गप्प पडा हो!"

शेवटी वैतागून तिने सरासरी चालू केली. म्हणजे बऱ्याच ठोक्यांची गोळाबेरीज करून यंत्र एकच नीटनेटका ठोका पुन्हा पुन्हा दाखवणार. रेघ अशी सुबक आली की सर उभ्या उभ्याच म्हणाले, "याला म्हणतात काम! माझ्याकडून पास." आणि चहाला गेले. तिचा अर्धा जीव भांड्यात पडला. उरलेला अर्धा बायोमेडिकलच्या मॅडमच्या हातात होता.

मॅडम आल्या. "छान. आता सरासरी बंद कर."

"मॅडम, वायर लूज आहे, त्यामुळे मध्येच..."

"बंद कर गं."

रेघ पुन्हा बिघडली. आता तिला फक्त रडू फुटायचं बाकी होतं. मॅडम मात्र रेघेबद्दल काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी बाबांचं मनगट हातात घेतलं, नाडीवर बोटं ठेवली आणि पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या. पडद्यावर ठोका गळला की बोटांखालीही गळत होता. त्यांनी दोनदा, तीनदा खात्री करून घेतली.

"वायर ठीक आहे," त्या म्हणाल्या. "काका, चक्कर येते का कधी?"

"वजन उचललं की येते थोडी." बाबा लेकीकडे बघून ओशाळले. "हिची परीक्षा होऊ दे म्हटलं आधी."

दुपारभर ती जो दोष पुसायला धडपडत होती, तो यंत्राचा नव्हताच.

"आजच दवाखान्यात ने यांना. मी फोन करते तिथे," मॅडम म्हणाल्या. "आणि यंत्र पास. चुकलेला ठोका चुकलेलाच दाखवतंय."

"झाली ना पास?" बाबा खूश होऊन शर्ट चढवू लागले. "उगाच चिडत होतीस."

टेबलाखालची त्यांची पान्यांची पिशवी तिने उचलली आणि आपल्या खांद्याला लावली. ही पिशवी बाबा कधी कुणाला उचलू देत नसत. आज ते नको म्हणाले नाहीत. कठडा धरून, सावकाश, तिच्या मागून जिना उतरू लागले.