एक मासा आत राहिला

पराग खांद्यापर्यंत हात टाकीत घालून स्टुलावर उभा होता आणि निळा मासा त्याच्या बोटांपासून वीतभर लांब, खडकाच्या फटीत अंग चोरून पडला होता. जाळी फटीत शिरत नव्हती. हात बाहेर काढला की मासा ऐटीत फिरायला निघे, हात घातला की परत आत. हा प्रकार सकाळी नऊपासून चालला होता आणि आता स्वयंपाकघरातून फोडणीचा वास यायला लागला होता.

"निघतोय का?" सोफ्यावरून त्याच्या वडिलांनी, अण्णांनी विचारलं.

"निघाला असता तर मी असा लोंबकळत राहिलो असतो का?"

अण्णांनी पेपराचं पान उलटलं. टपाल खात्याच्या खिडकीवर छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला असल्या उत्तरांचं काही वाटत नाही.

माशाच्या निळ्या अंगावर रव्याचे दाणे चिकटावेत तसे पांढरे ठिपके होते. हे परजीवी मोठे लबाड. चार दिवसांनी माशाच्या अंगावरून गळून पडतात, माणसाला वाटतं बरा झाला. ते खाली वाळूत बसून आपली पिलावळ वाढवतात आणि दसपटीनं परत येतात. दोन जोकर मासे आणि एक पिवळा मासा परागनं कसेबसे पकडून बाथरूममधल्या ड्रममध्ये नेऊन ठेवले होते. तिथे त्यांना औषध चालू होतं आणि घरातली बाकी माणसं त्या ड्रमला वळसा घालून आंघोळ करत होती. राहिला होता तो हा एक. टाकी अडीच महिने बिनमाशांची ठेवली तरच रोग मरतो. एक जरी मासा आत राहिला तरी सगळं मुसळ केरात.

परागनं हात पुसून केबिन रोडच्या ॲक्वेरियमवाल्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"पत्थर निकालना पडेगा, परागभाई. पूरा."

"पत्थर निकाला तो कोरल टूटेगा ना! सब एक दूसरे पे चढ गया है."

"तो फिश जायेगा. दोनों नहीं बचेगा, बॉस. डिसाइड कर लो."

डिसाइड कर लो म्हणे! अंगठ्याएवढे तुकडे आणून परागनं सहा वर्षांत ती प्रवाळाची बाग उभी केली होती. जांभळी, हिरवी, मधूनच एखादं केशरी. अण्णा त्यांना फुलं म्हणत. भाईंदरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या हॉलमध्ये खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप सोडून दुसरं काही दिसत नव्हतं. पराग अंधेरीहून दमून घरी आला की आधी त्या बागेसमोर बसे, मग बूट काढी. ती बाग मोडायची आणि तीही स्वतःच्या हातानं, हे त्याच्या जिवावर आलं होतं.

"पण याला औषध काय असतं रे?" अण्णांनी विचारलं.

"तांबं."

"म्हणजे आपलं हे तांबं? भांड्यांचं?"

"तेच. अजून कुठलं असतं?"

"मग ह्याच टाकीत का नाही घालत? पकडायची कटकटच नको."

"अण्णा, प्लीज. तीन तास हात पाण्यात आहे माझा. त्याला सतरा भानगडी आहेत. नंतर सांगतो."

ते नंतर काही आलं नाही.

दगड पुढच्या रविवारी काढायचे ठरले. त्या रविवारी त्याच्या बायकोच्या, अंबिकाच्या मावसबहिणीकडे पूजा निघाली आणि परागला आतून बरंच वाटलं. त्याच्या पुढच्या रविवारी त्यानं खरोखरच वरचा एक दगड उचलला. खडूची कांडी मोडावी तसा कट् आवाज झाला आणि जांभळी फांदी वाळूत पडली. परागनं दगड होता तसा परत ठेवला.

"आता पुढच्या रविवारी," तो अंबिकाला म्हणाला.

"कुठल्या सालातल्या?" ती म्हणाली. "रोज ऑफिसला जायच्या आधी मला त्या ड्रमशी झटापट करावी लागतेय, पराग. एकदाचा काय तो निकाल लाव ना."

निकाल लागायला लागला, पण भलताच. मंगळवारी काचेवरच्या गोगलगाई एकेक करून खाली पडल्या. गुरुवारी हिरवी फुलं मिटली, ती दिवे लावले तरी उघडेनात. परागनं पाण्याचा खारटपणा मोजला, तापमान मोजलं, अमोनिया मोजला. सगळं जागच्या जागी. त्यानं मिठाचं ताजं पाणी कालवून बादल्याच्या बादल्या बदलल्या, त्यापायी त्याची कंबर धरली. शनिवारी जांभळ्या फांद्यांची कातडी सोलून आतला पांढरा सांगाडा दिसायला लागला. एवढी निगा राखून हे असं! कुणाच्या तरी नरड्याला हात घालावा असं त्याला वाटत होतं, पण नरडं कुणाचं तेच सापडत नव्हतं.

"तू हॉलमध्ये काही फवारलंस का? झुरळांचं वगैरे?"

"मी त्या टाकीच्या वाऱ्याला उभी राहत नाही," अंबिका म्हणाली. "आणि अण्णांचं म्हणशील तर त्यांनी सहा वर्षांत कधी त्या टाकीला बोट लावलेलं नाही. उगाच घरातल्यांवर घसरू नकोस."

ते खरंच होतं. त्यामुळे पराग आणखीच चिडला.

त्याच दुपारी, टाकीचं पाणी ज्यातून गाळून परत वर जातं तो फिल्टर धुवायचा म्हणून त्यानं टाकीखालचं कपाट उघडलं. स्पंजाचा जाड थर उचलला तर खाली पाण्यात काहीतरी लखलखलं. त्यानं ते बाहेर काढलं. तांब्याचं फुलपात्र. देवघरात आईनं पूजेला ठेवलेलं, काठाला एक पोचा असलेलं. बाथरूमच्या ड्रमसाठी आणलेलं तांबं तपासायचं किट त्यानं आणलं, मोठ्या टाकीचं पाणी नळीत घेतलं आणि थेंब टाकले. पाण्याचा रंग ड्रममधल्या पाण्यापेक्षाही गडद झाला.

ज्या तांब्यानं मासा जगतो, त्याच तांब्यानं प्रवाळ आणि गोगलगाई मरतात. खडक ते पिऊन बसतात. सतरा भानगडी म्हणाला होता तो, पण खरी भानगड ही एकच होती आणि ती सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

पराग फुलपात्र घेऊन उठला. अण्णा टाकीच्या दुसऱ्या बाजूला प्लास्टिकची खुर्ची ओढून बसले होते. फुलपात्र बघून ते ओशाळले तर नाहीतच, उलट खुलले.

"सापडलं का तुला? मी म्हटलं, पूर्ण बरा झाला की मगच सांगू. ये, इकडून बघ. एक तरी ठिपका आहे का?"

निळा मासा काचेजवळ आला होता. अंग स्वच्छ होतं. पोट भरलेलं होतं. गेले चार दिवस पराग गोगलगाई आणि मिटल्या फुलांकडेच बघत होता. माशाकडे त्यानं नीट पाहिलंच नव्हतं.

"कधीपासून ठेवताय हे?"

"तुझ्या हातून ती फांदी मोडली ना, त्या संध्याकाळपासून. तुझ्यानं काही ते होईना. आणि हे बिचारं दिवसभर दगडाला अंग घासत असायचं. तू जातोस ऑफिसला, तुला दिसत नाही. मी इथे समोर असतो, मला ते बघवेना." अण्णांनी फुलपात्र त्याच्या हातून घेतलं आणि उजेडात फिरवून पाहिलं. "रोज हिरवं पडतं. मग चिंचेनं घासायचं नि परत ठेवायचं. काल जरा घाईत घासलं."

परागच्या तोंडाशी सगळं आलं होतं. सहा वर्षं, बादल्या, एकेक तुकडा, आणि न विचारता केलेला हा उद्योग. तो ओरडलाही असता. पण दगड काढायचे रविवार त्याच्याच हातचे होते आणि ते त्यानं एकापाठोपाठ एक घालवले होते. स्वयंपाकघराच्या दारात अंबिका येऊन उभी राहिली होती आणि तिला फुलपात्र बघूनच काय ते कळलं होतं.

"आता हे घासून परत ठेवू नका," तो म्हणाला. "पाण्यात तांबं भरपूर उतरलंय. रोज संध्याकाळी आपण पाणी तपासायचं. अजून दहा दिवस."

"म्हणजे बरोबर केलं ना मी?"

"मासा वाचला."

अण्णा समाधानानं मागे रेलले. मग पुन्हा पुढे वाकून त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "आणि ही फुलं कधी उघडायची?"

पराग फरशीवर बसला, त्यांच्या खुर्चीला टेकून.

"ती नाही उघडायची, अण्णा," तो म्हणाला, आणि मग त्यानं ते अर्ध्या मिनिटाचं काय ते सांगितलं.

अण्णांनी बोट काचेवरून काढून घेतलं. फुलपात्र त्यांच्या मांडीवर होतं, ते त्यांनी धोतराच्या सोग्यानं उगाच पुसलं. मग ते म्हणाले,

"मला हे त्याच दिवशी सांगितलं असतंस तर?"

"तर तुम्ही तांबं घातलं नसतंत," पराग म्हणाला. "मासा मेला असता. आणि मी तुम्हाला म्हणालो असतो, दगड रविवारी काढणारच होतो."