बर्फातली हजेरी

माझं नाव क्रांती. वडिलांनी कसल्या अपेक्षेनं ठेवलं कोण जाणे, मी कोल्हापूरच्या शाहूपुरीत झेरॉक्स काढते आणि लोकांचे अर्ज टाईप करून देते. सरकारदरबारी ज्याचं अडतं तो आधी देवाकडं जातो, मग पुढाऱ्याकडं, आणि दोन्हीकडनं हात हलवत आला की माझ्याकडं.

मुरगूडचे केरबामामा मात्र थेट माझ्याकडंच आले. साठी उलटलेली, पाठ अजून ताठ. हे टेरिटोरियल आर्मीतले जवान. म्हणजे एरवी आपापली नोकरी, शेती करायची आणि बोलावणं आलं की वर्दी चढवायची. मामा एरवी कोल्हापुरातल्या एका फौंड्रीत कामाला होते.

"चौदा म्हैनं काश्मीरला हुतो ताई," ते म्हणाले. "पार वर. दात घासायचं पानी बी शेगडीवर वितळवून घ्याला लागायचं. तितं ठरल्याली मुदत काढली की पदक मिळतंय. मला न्हाय मिळालं."

त्यांनी सर्व्हिस रेकॉर्डचा उतारा पुढं सरकवला. त्यात त्या चौदाही महिन्यांपुढं एकच मुक्काम होता, कोल्हापूर. ट्रक भरून माणसं वर गेली, नावं लिहून घेणाऱ्या कारकुनाची एक ओळ राहिली, आणि मामा कागदावर चौदा महिने इथंच राहिले. सरकारनं त्यांना फुकटात थंडीपासून वाचवलं होतं म्हणायचं.

"पदकानं पेन्शन वाढणार हाय का?" मी विचारलं.

"न्हाय. आक्काला दाखवायचं हाय."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. त्याच गावात, त्याच गल्लीत दिलेली. मामा वर असताना त्यांची आई वारली. तार कोल्हापूरच्या पत्त्यावर गेली, तिथनं फिरत फिरत वर पोचली तेव्हा गावात तेरावंही उरकलं होतं. अग्नी चुलतभावानं दिला. मामा परत आले आणि काश्मीरला होतो म्हणाले, तेव्हा आक्का एवढंच म्हणाली, की पन्नास किलोमीटरवर कोल्हापुरात बसून आईच्या मातीला आला नाहीस आणि वर थापा मारतोस. त्याला चोवीस वर्षं झाली. चोवीस भाऊबीजा मामांना कुणी ओवाळलं नाही. शेवटी गेल्या वर्षी पुरावा म्हणून त्यांनी हा उतारा मागवला, मोठ्या ऐटीत आक्काच्या नातवाकडनं तिला वाचून दाखवला, आणि तो कागद आक्काच्याच बाजूनं बोलला.

"पण तुम्ही कोल्हापुरात होता, असं आक्कांना सांगितलं कुणी?"

मामा रस्त्याकडं बघायला लागले. "गावाला काय, तोंड हायच की," म्हणाले.

मी अर्ज केला. तीन महिन्यांनी उत्तर आलं, की आपण सदर ठिकाणी असल्याचा पुरावा जोडावा.

"त्यांच्याच गाडीतनं गेलतो की," मामा भडकले. "तिकीट दिलं असतं तर जपून ठेवलं असतं."

बरोबरचे दोघेतिघे वारले होते, एकाला कालचं जेवण आठवत नव्हतं. मामांचे फोटो पुरात गेलेले. बसून बसून मी विचारलं, तेव्हा फौंड्रीतली नोकरी कशी काय टिकली?

"कुठली टिकतीया? गैरहजर म्हणून काढलं मला. आमच्या मेजरसायबानी मालकाला पत्र बी धाडलंतं, ह्यो मानूस हितं बर्फात हाय, जरा दमानं घ्या म्हणून. तरी काढलं."

मी टाईप करायची थांबले. "ते पत्र कुठं हाय?"

मालक तात्यासो आता पंच्याऐंशीचे. फौंड्री मुलगा जिनेंद्र बघतो. तात्यासो मागच्या खोलीत कपाटांच्या पहाऱ्याला बसलेले असतात. कागद म्हणून जे काही त्या घरात आलं, ते परत बाहेर गेलेलं नाही. चोवीस वर्षं मामांनी या माणसाच्या नावानं बोटं मोडली होती. फौंड्रीसमोरनं जायला नको म्हणून लांबच्या वाटेनं जायचे. आता माझ्यामागं दारात उभे राहिले, शाळेत उशिरा आल्यासारखे.

"पावणं, आत या की," तात्यासो म्हणाले. मग चष्मा पुसून नीट बघितलं. "केरबा व्हय? भांडायला आला असशील तर आदुगर सांगतो. काढलंतं ते कायद्यानं काढलंतं."

"मालक, भांडायला न्हाय. मी गैरहजर हुतो ह्येचा पुरावा पायजे."

एवढं गोड वाक्य म्हाताऱ्यानं आयुष्यात ऐकलं नसावं. तो स्वतः उठला, जिनेंद्रला हात लावू दिला नाही आणि पाचव्या कपाटातनं फाईल काढली. "बघा. गैरहजर हुताच. मी काय खोटं लिवतोय व्हय?" आत मेजरसाहेबांचं पत्र होतं, युनिटच्या शिक्क्याचं. अमुक तारखेपासून हा जवान अतिउंच भागात तैनात आहे. त्यावर तात्यासोंचा लाल पेन्सिलीचा शेरा होता, 'कारण पटत नाही.'

मी विचारलं, "फौजेतल्या माणसाला असं काढताना काही वाटलं न्हाय का तात्या?"

"वाटलं की. म्हणून तर पत्र जपून ठेवलं."

राग आला होता, पण कागद त्यांच्या हातात होता. ज्या कागदावर शेरा मारून मामांच्या पोटावर पाय दिला, त्याचीच मी रंगीत झेरॉक्स काढली, शेऱ्यासकट. सैन्याला सैन्याचंच पत्र आम्ही फौंड्रीच्या सही-शिक्क्यानं पाठवलं, आणि सैन्याला ते पटलं.

अकरा महिन्यांनी दुरुस्तीचं पत्र आणि लहानशी डबी आली. मुरगुडात त्याच्या आधीच चौकात डिजिटल फलक लागला होता. बर्फात मामा, मागं रणगाडा, बाजूला मंडळाच्या सतरा कार्यकर्त्यांचे फोटो. त्यातल्या एकानंही मामांचं म्हणणं कधी खरं मानलं नव्हतं. शाल, नारळ, फेटा झाला. भाषणात एकानं मामांना कारगिल जिंकायला लावलं. मामांचं लक्ष सारखं गल्लीकडं. आक्का आली नव्हती.

"ताई, तुम्ही चला," फेटा काढून ते म्हणाले. "पत्र इंग्लिशमदी हाय. मी सांगितलं तर ती म्हणंल, मनचं सांगतोय."

आक्का गोठ्यातनं हात धुवून आली. माझ्याकडं बघून बस म्हणाली. भावाकडं बघितलं नाही. भिंतीवर आईचा फोटो होता, हार ताजा. मी पत्र मराठी करत वाचलं. तारीख, ठिकाण, उंची, चौदा महिने, पूर्वीची नोंद चुकीची होती ती दुरुस्त करण्यात येत आहे. तिनं परत वाचायला लावलं. मी परत वाचलं. मग तिनं पदक हातात घेतलं, पदराच्या टोकानं पुसलं, आणि पंचवीस वर्षांनी भावाला पहिला शब्द बोलली.

"म्हंजे खरंच तितं हुतास."

"व्हय आक्का."

"आनि जाताना आईला काय सांगून गेलतास?"

मामांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता उठून जातील.

"सांग की. ताईनी बी ऐकू दे."

"कोल्हापुरातच हाय म्हणून," मामा म्हणाले. "तिचं काळीज कमजोर हुतं. काश्मीर म्हटलं असतं तर तवाच गेली असती, असं वाटलं मला."

"ती तर तशी बी गेली. पर शेवटलं आठ दिस कोल्हापूरची एसटी आली की मला दारात पाठवायची. रोज. केरबा उतरला का बघ म्हणायची. कोल्हापुरात हाय, का येत न्हाय, म्हणायची." आक्काचा आवाज चढला नाही. "सरकारनं आपली चूक दुरुस्त केली. चांगलं केलं. आता आईपाशी जे सांगून गेलास, ते कोन दुरुस्त करनार?"

माझ्याकडं अर्जाचे शंभर नमुने आहेत. मी हातातला कागद घडी घालत बसले. मला त्या माणसाचा राग आला होता आणि त्याच्याबद्दल रडूही येत होतं.

मामा उठले. पदक घेऊन फोटोसमोर गेले, टाचा जुळवून उभे राहिले. मग पुटपुटले, "आये, मी कोल्हापुरात नव्हतो."

"मोठ्यानं सांग," मागनं आक्का म्हणाली. "शेवटी शेवटी तिला कमी ऐकू यायचं."

मामांनी मोठ्यानं सांगितलं.