मोलेसची मादी

आनिबालने जाळी पाण्यात उतरवली आणि नर कोपऱ्यात दबेपर्यंत हात तसाच धरून ठेवला. पाणी इतकं गार होतं की थोड्या वेळाने बोटं आपली नाहीतच असं वाटायला लागलं. पडवीत शेगडी नव्हती. जून लागला, इकडचा हिवाळा सुरू झाला, की तो पडवीची खिडकी मुद्दाम सताड उघडी टाकायचा. हे मासे इथल्या ओढ्यांचे, थंडी म्हणजे त्यांची झोप, ती मोडली तर वसंतात अंडी नाहीत की जोम नाही, हे त्याने मेलो गावातल्या मत्स्यप्रेमी मंडळाला इतक्यांदा सांगितलं होतं की माणसं त्याच्या पाठीमागे त्याच्याच आवाजात त्याची नक्कल करत.

नर जाळीत आला. त्याने तो अलगद झाकणाच्या बादलीत सोडला. टाकीत आता नुसती वाळू उरली, माशाने तोंडाने उकरून ठेवलेल्या खळग्यांची. मादी मागच्या आठवड्यात मेली होती. म्हातारीच झाली होती. तिच्या मागे दुसरी नव्हती.

मोलेस ओढ्यातले हे मातीखाऊ मासे आता ओढ्यात मिळणार नव्हते. भातशेतीसाठी बांध घातला आणि ओढा, त्याच्या काठची झाडं, आनिबालचे वडील जिथे घोडे पाण्यावर नेत तो उतार, सगळं एका मोठ्या गढूळ तळ्याखाली गेलं. जे काही उरलं होतं ते माणसांच्या घरात, काचेच्या मागे. आनिबालच्या घरात आता एक नर उरला होता.

आणि गावात आणखी एका घरात मोलेसचे मासे आहेत, असं मंडळातला औषधवाला परवा बोलून गेला होता. विल्मारच्या घरात.

बादली सायकलच्या हँडलला अडकवून आनिबाल चालतच निघाला. रस्त्याकडेच्या गवतावर दव गोठलेलं होतं. विल्मारच्या फाटकाशी पोहोचल्यावर त्याने इथल्या रीतीप्रमाणे हाक म्हणून टाळी वाजवली आणि वाट पाहिली. पुन्हा वाजवायला त्याचा हात उचलेना.

विल्मार बाहेर आला. पाठीत वाकला होता, पण काखेतला थर्मास आणि हातातला माते नावाच्या कडू चहाचा पोकळ भोपळा पूर्वीसारखेच होते. त्याने आधी बादलीकडे पाहिलं, मग माणसाकडे.

"तुझ्या एल्विराच्या मातीला आलो होतो मी," तो म्हणाला. "मागे उभा होतो."

"पाहिलं होतं."

"मग ओळख तरी दाखवायचीस."

विल्मारने फाटकाची कडी काढली.

"ये. बादलीतलं पाणी हिंदकळतंय. आणि तू कुडकुडतोयस."

मागच्या ओसरीत भिंतीला लागून टाक्या होत्या, तशाच, बिनशेगडीच्या. विल्मारने दोन स्टुलं ओढली, माते भरला आणि पहिला घोट स्वतः घेऊन भोपळा पुढे केला. आनिबालने तो घेतला. गरम पाणी घशाखाली गेलं तरी त्याला सुरुवात कुठून करावी ते कळत नव्हतं.

"मादी मेली," शेवटी तो म्हणाला. "माझ्याकडे एकटा नर आहे. तुझ्याकडे जे काही असेल ते मला दाखव. भेसळीचं असलं तरी चालेल."

विल्मार किंचित हसला.

"भेसळीचं असलं तरी चालेल," त्याने शब्द तोंडात घोळवले. "हे तू म्हणतोयस."

मंडळातली बऱ्याच वर्षांपूर्वीची ती सभा दोघांच्याही मधे येऊन बसली. बेकरीमागची खोली, माणसं, आणि उभा राहिलेला आनिबाल. त्याचं मोठं ऑपरेशन होऊन तेव्हा वर्षच झालं होतं. मंडळात एकमेकांना वाटलेल्या पिल्लांपैकी काही नर मोठे झाल्यावर त्यांच्या पाठीवरच्या परात निळ्या रेघा उमटल्या होत्या. मोलेसच्या नराला रेघ नसते. परावर निळे ठिपके असतात, ओळीने, सुटे सुटे, शेवटच्या काट्यापर्यंत. रेघ असते पालोमा ओढ्याच्या माशाला, आणि पालोमाचे मासे मंडळात फक्त विल्मार पाळायचा. आनिबालने सगळ्यांदेखत त्याचं नाव घेतलं होतं. म्हणाला होता, या माणसाने दोन ओढे एका टाकीत कालवले, आणि आता एक ओढा कायमचा गेला. विल्मारने टोपी उचलली आणि दार ओढून निघून गेला. पुन्हा आला नाही.

"ती खालची टाकी," विल्मार म्हणाला. "गुडघे दुखत नसतील तर वाक."

आनिबाल वाकला, मग फरशीवरच बसला. पाच-सहा मासे वाळूवर रेंगाळत होते. एक मादी तोंडभर वाळू घ्यायची, चावल्यासारखी करायची आणि कल्ल्यांतून झरझर सोडून द्यायची. तिच्यामागे एक नर होता. कपाळावर टेंगूळ, अंगावर काळपट डाग. त्याने काचेपलीकडचा माणूस पाहिला आणि पर ताठ उभारला.

ठिपके. निळे, सुटे, ओळीने. आनिबालने ते काट्याकाट्याने डोळ्यांखालून घातले. शेवटच्या काट्याशी जिथे त्याच्या स्वतःच्या नराचे दोन ठिपके एकमेकांत विरघळलेले होते, तिथेही ते सुटेच होते. आपल्या नराचं ते त्याने वयावर घातलं होतं. त्याच्या बापाचंही तसंच होतं, आणि आजाचं. दरवर्षी रेघेची पिल्लं वेचून काढायची, ठिपक्यांची ठेवायची, आणि दरवर्षी रेघ पुन्हा उमटायची. विल्मारकडून पूर्वी आलेल्या दोन-तीन पिल्लांचा हा डाग, असं तो स्वतःला सांगत आला होता.

"कुठून आणलेस हे?"

"तूच दिलेस."

"मी?"

"बरणीत घालून. नखाएवढे होते. तुझ्या ऑपरेशनच्या आधीच्या उन्हाळ्यात. मग त्यांची पिल्लं, मग त्यांची. बाहेरचा एक मासा मिसळला नाही."

आनिबालने बादलीचं झाकण काढलं. आत नर निश्चल होता. त्याने त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा टाकीकडे. ऑपरेशनच्या आधी दिलेले शुद्ध. त्यानंतर त्याच्या घरात जन्मलेले तसे नाहीत. मधे एकच हिवाळा होता, आणि त्या हिवाळ्यात तो दूर राजधानीत, मोंतेविदेओच्या हॉस्पिटलात होता. घरात त्याची बायको, एल्विरा, एकटी होती.

विल्मारने माते पुन्हा भरला नाही.

"माझी मादी," आनिबाल म्हणाला. "मी परत आलो तेव्हा टाकीत होती ती. ती कोण होती?"

"सोड आता."

"विल्मार."

विल्मारने थर्मास खाली ठेवला.

"पालोमाची होती. माझ्याकडे पूर्ण वाढलेली तेवढीच होती. तुझ्या मोलेसची पिल्लं तेव्हा जेमतेम बोटाएवढी होती, ती टाकीत घालून कुणाला फसवणार? मादीच्या परावर सगळंच फिकं असतं. म्हटलं, तुला कळायचं नाही." तो थांबला. "नाहीच कळलं."

"आधीची मादी कशी मेली?"

"आनिबाल, ती बाई गेली. आता तिला..."

"कशी मेली?"

"तुझं ऑपरेशन होतं त्या रात्री इथे बर्फासारखं दव पडलं होतं. तिला कुणी तिकडे येऊ दिलं नव्हतं. घरात बसवेना म्हणून ती पडवीत जाऊन बसली. तिथे ते मासे, तळाशी, हलत नाहीत, डुलत नाहीत. तिने खिडकी लावली. रॉकेलची शेगडी पेटवली. तुझा लोकरीचा पोंचो टाकीवर पांघरला, दुहेरी घडी करून. सकाळी उचलून पाहिलं तर मादी गुदमरून मेलेली, नर तेवढा वर येऊन हवेसाठी तोंड उघडमीट करत होता." विल्मारने नाक ओढलं. "बादली घेऊन इथे आली. याच स्टुलावर बसली. म्हणाली, तो तिकडे टेबलावर गार पडला असेल, निदान यांना तरी ऊब द्यावी असं वाटलं. म्हणाली, मला ठाऊक होतं त्यांना ऊब नको असते. पण वाटलं."

ओसरीत कुठल्यातरी टाकीतून हवेचे बुडबुडे फुटत होते.

"डॉक्टरांनी धक्का देऊ नका म्हणून सांगितलं होतं," विल्मार म्हणाला. "तू बरा झालास की सांगायचं, असं ठरलं होतं. पुढे तू सभेत उभा राहिलास. ती दारात होती, पुऱ्यांचं ताट घेऊन. माझ्याकडे बघत होती. मी काय करणार होतो?"

"सांगायचंस."

"कुणाला? तुला? त्या दिवशी तू ऐकत होतास?"

आनिबालने मान खाली घातली.

"ती सांगणारच होती. दर शरदात फाटकावर बिही फळाच्या मुरंब्याचा डबा ठेवून जायची. म्हणायची, या वर्षी सांगते. मीच म्हणायचो, बाई, राहू दे. मला त्या बेकरीमागच्या खोलीत बसून काय मिळणार होतं? दिवसभर तुझी बडबड." तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. "कधीकधी मात्र यावंसं वाटायचं."

आनिबाल काचेला धरून उठला. गुडघे वाजले.

"शनिवारी सभा आहे. ये."

"कशाला?"

"मी सांगणार आहे."

"एल्विराचं नाव तू तिथे घेणार नाहीस," विल्मार एकदम कडक झाला. "इतकी वर्षं मी तोंड शिवून बसलो ते काय तू तिला त्या म्हाताऱ्यांपुढे उभी करावीस म्हणून?"

"तिचं नाही घेणार. म्हणेन, मादी मीच बदलली."

"तू हॉस्पिटलात होतास. सगळ्या गावाने तुझ्यासाठी रक्त दिलंय."

आनिबाल विचारात पडला.

"मग परत आल्यावर. त्याच हिवाळ्याच्या अखेरीस."

"ऑगस्टात आलास. तरी थंडी होती," विल्मार हळूच म्हणाला. "चालेल."

दोघांनी मिळून आनिबालचा नर वरच्या, रिकाम्या टाकीत सोडला. मोलेसच्या टाकीत त्याला सोडायचं नाही, हे दोघांपैकी कुणी बोललं नाही. विल्मारने एक तरुण जोडी पकडून बादलीत घातली, आणि बादली आनिबालच्या हातात देताना क्षणभर तशीच धरून ठेवली.

शनिवारी बेकरीमागची खोली भरली होती. विल्मार दाराशी उभा राहिला, टोपी हातात घेऊन. लोकांनी माना वळवून पाहिलं, कुजबुज झाली. आनिबाल उठला. कागदबिगद काही आणला नव्हता. तो म्हणाला, मोलेसचे शुद्ध मासे आज गावात आहेत, आणि ते विल्मारने राखले. रेघेची पिल्लं माझ्या टाकीतून गेली. ऑपरेशनहून आलो तेव्हा माझ्या चुकीने मादी मेली, तिच्या जागी मी पालोमाची मादी ठेवली आणि ते लपवलं. दोष याच्या माथी मारला. बोलताना त्याचा आवाज नेहमीसारखा भरला नाही.

औषधवाल्याने विचारलं,

"पण तुझ्या हातून मादी मेली कशी?"

याचं उत्तर दोघांनी ठरवलेलं नव्हतं. आनिबालने दाराकडे पाहिलं. विल्मार टोपीची कड बोटांनी फिरवत होता.

"दव पडलं होतं," आनिबाल म्हणाला. "शेगडी पेटवली. वर पोंचो घातला."

"तू? तू पेटवलीस शेगडी?" मागून कुणीतरी खदखदून हसलं, आणि मग खोलीभर हसू पसरलं. "थंडी म्हणजे यांची झोप! अरे, तूच ना तो? का पेटवलीस?"

आनिबाल हसू ओसरेपर्यंत थांबला.

"त्यांना गारठा लागत असेल असं वाटलं," तो म्हणाला. "मला ठाऊक होतं, त्यांना ऊब नको असते. पण वाटलं."

पुन्हा हशा झाला. दाराशी उभा असलेला विल्मार हसला नाही. तो आत आला आणि आनिबालशेजारची खुर्ची ओढून बसला.