वरवंटा गिळलेला टोप

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीत गोदूबाईच्या घरी राहतो. लग्नाच्या वर्षी तिने मला महाडच्या बाजारातून आणले. तीस वर्षे मी भात शिजवला. वाडीतल्या पूजेला मला मागून नेत, तेव्हा मी जरा फुगतही असे. मग एकदा पायरीवरून घरंगळलो, बूड चेपले आणि मी डुलू लागलो. डुलणाऱ्या टोपात भात कोण लावणार? मला चुलीच्या वरच्या फळीवर टाकले.

यंदा वाडीखालचे तळे तुडुंब भरले आणि जमीन बारीक बारीक हलू लागली. माणसांच्या आधी मला कळे. मी खडखडे. गोदूबाई वैतागली. "गप रे बाबा," म्हणत तिने माझ्या पोटात वरवंटा ठेवला. मी गप्प झालो. भूकंप थांबले, असे तिने शेजारच्या रायबाला कळवूनही टाकले.

जमीन हलतच होती. आता मात्र एवढा दगड बरोबर तिच्या डोक्यावर होता. सांगायला माझ्याकडे एकच आवाज, आणि त्याच्यावर वरवंटा बसलेला.

एका सकाळी भूकंप खात्यातल्या आम्रपाली मॅडम धक्के मोजायचे यंत्र घेऊन आल्या. गोदूबाई फळीखाली पाटावर बसून चहा करत होती. रायबाने कारण सांगून टाकले, "तळ्यात म्हशी बसतात ना, म्हणून."

"किती बसतात?" मॅडमनी वही उघडली.

"दोनच. पण एक लय जाडी हाय."

मॅडमनी ते लिहून घेतले. म्हणाल्या, "तळ्याच्या पाण्याचं वजन असेल. पाणी भेगांत मुरून खडक सरकत असतील. किंवा जुन्या भेगा आपल्या आपणच हलत असतील. यंत्र लावल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही."

"यंत्र कशाला?" गोदूबाई म्हणाली. "आमचा टोप हाय ना. हल्ली वाजत नाय तो."

"कुठे आहे?"

मला दाखवायला गोदूबाई उठून बाजूला झाली. तेवढ्यात धक्का आला, फळी कलली आणि मी वरवंट्यासकट तिच्या पाटावर पडलो. पाटाचे दोन तुकडे झाले.

चहा उतू जात राहिला. शेवटी रायबा हळूच म्हणाला, "म्हैस उठली वाटतं."

मित्रांनो, जड वस्तू उंचावर ठेवू नका. आणि घरात कुणी सारखे खडखडत असेल, तर गप्प करण्याआधी त्याचे एकदा ऐकून घ्या. वरवंटा आता जमिनीवर असतो. मी दाराजवळच्या बुटक्या फळीवर, रिकामा. मी वाजलो की गोदूबाई अंगणात जाते.

काल मी दिवसभर वाजलो नाही. ती तीनदा येऊन विचारून गेली, "बरा हायस ना रे?"